जुन्या नावेची रास्त किंमत कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवापूर तालुक्यात उकाई धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या काठी, वडिलांची १८ फुटी फायबरची नाव आहे. २०१७ मध्ये नवी घेतलेली. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, तेही त्याच वर्षीचं. वडील आता थकले, विचारणारा मुलगा नाशिकला नोकरीला, त्यामुळे नाव दोन हंगाम काठावर पालथी पडून आहे. आज तशीच नाव नवी घ्यायची तर कोटेशन दीड लाखाचं आलंय, आणि इंजिनाचं १ लाख ७० हजारांचं. चुलतभाऊ म्हणतो, सव्वादोन लाखांच्या खाली हात लावू देऊ नका. सोनगडकडचा एक व्यापारी ८५ हजार रोख मोजायला तयार आहे. यात रास्त किंमत कोणती?

माझं तापीकाठच्या प्रकाशा गावात इंजिन आणि नाव दुरुस्तीचं काम आहे, २६ वर्षं झाली. हतनूरच्या पाण्यापासून उकाईच्या शेपटीपर्यंतच्या नावा हाताखालून गेल्यात. मधूनमधून जुनी नाव घेऊन, नीट करून विकतोही. म्हणजे तुमच्या त्या व्यापाऱ्याच्या जागी मीही बसलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चुलतभावाचं आधी संपवू. त्यांना एकच विचारा, "भाऊ, एक लाख वीस हजाराला तूच घेतोस का?" सव्वादोनचा माल एक वीसला मिळतोय तर कोणीही उडी मारेल. ते हसून विषय बदलतील. ज्याला विकत घ्यायचं नाही त्याच्या तोंडचा भाव हा भाव नसतो.

घोड्या-बैलाला बाजार असतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याचे दात बघणारे, चाल बघणारे, खोड ओळखणारे शेकड्यांनी उभे असतात, त्यामुळे दोन दिवसांत कोणत्या जनावराचा काय भाव हे सगळ्यांना कळतं. नावेला आपल्याकडे असा बाजार नाही. तालुक्यात वर्षाला दोन-चार नावा हात बदलतात, त्याही मामा-भाच्यात नाहीतर मासेमारी संस्थेच्या सभासदांत. म्हणून जो तो सोपा हिशेब करतो: नवीची किंमत घ्या, दर वर्षाचे दहा टक्के काढा, उरलं ते सांगा. गाडीच्या बाबतीत हे थोडंफार चालतं, कारण गाडीला किलोमीटरचा काटा आहे. तुमच्या इंजिनाला तासांचा काटाही नसेल. आठ वर्षं सावलीत राहिलेली नाव आणि तीन वर्षं उन्हात फेकलेली नाव यांत मी डोळे झाकून आठ वर्षांची घेईन.

मी हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूनं करतो. नाव नेल्यापासून त्याचं पहिलं जाळं पाण्यात पडेपर्यंत त्याच्या खिशातून एकूण किती जाणार? हा आकडा नव्या नावेच्या तुलनेत इतका कमी पाहिजे की जुनी घेण्याचा धोका पत्करावासा वाटेल. तुमची किंमत या आकड्यातून निघते. वडिलांनी किती दिले होते, नावेनं घर कसं चालवलं, बहिणीचं लग्न कसं झालं, हे खरं असलं तरी त्याचे पैसे कोणी देत नाही.

आता नाव आणि इंजिन मनातल्या मनात वेगळं करा. लोक "नाव इंजिनासकट" असा एकच भाव सांगतात आणि तिथेच फसतात. ढाचा, म्हणजे इंजिनाशिवायची नुसती नाव, एका गतीनं म्हातारा होतो, इंजिन दुसऱ्या. शिवाय इंजिनाचं गिऱ्हाईक वेगळं असू शकतं.

ढाच्यापासून सुरू करू. पहिलं काम: नाव धुवा. नुसती धुवा, रंगवू नका. ताजा रंग बघितला की जाणकार माणूस मागे सरतो आणि अजाण माणूस जाणकाराला घेऊन येतो. मी स्वतः एकदा ताज्या रंगाला भुललो होतो. धंद्यात नवा असताना धरणाच्या पलीकडून एक १६ फुटी फायबर आणली, निळीशार, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर पिवळा पट्टा. काठाजवळ चाचणी घेताना इंजिन जरा जोरात सोडलं आणि मागून करकर असा आवाज आला. वळून बघतो तर इंजिन मागच्या फळीसकट बाहेरच्या बाजूला झुकलेलं. आतलं प्लायवूड भिजून भुसा झालं होतं. वरच्या फायबरच्या पापुद्र्यानं आणि रंगानं ते धरून ठेवलेलं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून इंजिन वाचलं. विकणाऱ्याला माहीत होतं का? रंगाचा हात फळीवरच दोनदा फिरला होता, यावरून काय ते समजा.

तर ही फळीच सगळ्यात आधी तपासायची. इंजिन जिथे अडकवतो तो मागचा भाग, कारखान्यातले लोक त्याला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या बहुतेक नावांत याच्या आत प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट त्यातून आरपार जातात आणि त्या भोकांतून पाणी शिरतं. तपासणी सोपी आहे. इंजिन लावून खाली सोडा, पंख्याच्या वरचा पाय दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, आणि दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांगा. फळी इंजिनाबरोबर हलली, भेगेतून पाणी पाझरलं, की समजायचं फळी गेली. मग खालच्या बाजूचा एखादा स्क्रू काढा. भोकातून चहासारखं तांबूस पाणी आलं तर आत लाकूड कुजतंय. कोरडं निघालं, स्क्रूच्या आट्यांत पिवळसर लाकडाचा चुरा आला, तर देवाला नारळ फोडा, तुमचे १५-२० हजार वाचले.

तळाला नाणं नाहीतर हातोडीच्या मुठीचं टोक घेऊन वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, भरीव आवाज येतो. जिथे मॅटचे, म्हणजे फायबरच्या कापडाचे, थर सुटलेत तिथे बोदा आवाज येतो, पिकलेल्या पपईवर टिचकी मारल्यासारखा. तिथे खडूनं गोल करा. असे दोन-तीन गोल कुठल्याही आठ वर्षांच्या नावेत निघतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण ते नाळेच्या खाली, जिथे नाव दगडावर ओढली जाते तिथे एकवटलेले असतील तर तिथला तळ पुन्हा मॅट टाकून घ्यावा लागेल.

फोडांचंही बघा. तळावर मसुराएवढे फुगे असतात. लोकांना वाटतं खाऱ्या पाण्यानं येतात. उलट आहे: गोड्या पाण्यात ते जास्त येतात, आणि पाणी कोमट असेल तर आणखी जास्त. वरच्या जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत झिरपतं, आतल्या रसायनाशी मिळून दाब तयार होतो आणि पापुद्रा उचलला जातो. आपलं पाणी गोडंही आणि कोमटही. चार-सहा फोड आहेत म्हणून किंमत पाडू देऊ नका. तळहाताएवढ्या जागेत वीस-पंचवीस असतील तर मात्र तो खर्च खरा आहे.

उन्हाचं वेगळं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तुमच्याकडे थोडा कमी. उघड्यावर पडलेल्या नावेचा जेलकोट पिठाळ होतो, बोट फिरवलं की पांढरी पावडर लागते. दिसायला वाईट, पण वरवरचं असतं. पॉलिश पेपर आणि थोडी मेहनत, बस. तुमची नाव पालथी होती हे बरं झालं, आत पावसाचं पाणी साचलं नाही. उताणी पडलेली नाव दोन पावसाळ्यांत आतून सडते.

एक युक्ती सांगतो, ही फारशी कोणी करत नाही. नाव ट्रॉलीवर घ्या आणि जवळच्या वजनकाट्यावर न्या, जिनिंगवाल्याचा असो की साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा. ट्रॉलीसकट वजन, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन. ज्यानं नाव बनवली त्याच्याकडून त्या मापाच्या कोऱ्या नावेचं वजन फोनवर विचारून घ्या. तुमची नाव त्यापेक्षा २० किलोनं जास्त भरली तर सोडून द्या, रंग-डागडुजीचं असतं आणि काट्याची चूकही असते. ६०-७० किलो जास्त भरली तर ते पाणी आहे, बाकांखालच्या फोममध्ये नाहीतर तळातल्या लाकडात मुरलेलं. अशी नाव बाहेरून कितीही चकाचक असू दे, पाण्यात जड चालते, पेट्रोल पिते आणि बुडायची वेळ आली तर तो फोम तरंगवतही नाही. काट्याची पावती मात्र जपून ठेवा. वजन बरोबर भरलं असेल तर ही शे-पन्नास रुपयांची पावती गिऱ्हाइकासमोर टाकल्यावर दहा मिनिटांची घासाघीस वाचते.

आता इंजिन. पहिला प्रश्न: याचं आयुष्य कुठल्या पाण्यात गेलं? तुमचं सगळं उकाईच्या गोड्या पाण्यात गेलंय, ही मोठी जमेची बाजू आहे आणि ती बोलताना आवर्जून सांगा. गुजरात किनाऱ्यावरून किंवा कोकणातून वापरलेली इंजिनं आपल्याकडे येतात, बाहेरून रंग मारलेली. आत पाणी फिरायच्या वाटा मिठानं अर्ध्या बुजलेल्या, बोल्ट गंजून घट्ट झालेले, काढायला गेलं की तुटतात. जाणकार गिऱ्हाईक सारख्या वयाच्या दोन इंजिनांत गोड्या पाण्यातल्याला पाच-दहा हजार जास्त देतं.

तुमचं इंजिन दोन हंगाम बंद आहे, त्यामुळे गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा दोरी ओढायची चूक करू नका. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये वाळून डिंकासारखं झालेलं असणार. टाकी रिकामी करा, कार्बोरेटर साफ करून घ्या, प्लग नवे टाका, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर बदला. बंद पडून इंपेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच कडक होतात, मग चालू केल्यावर पाणी उचलत नाही आणि दहा मिनिटांत इंजिन तापतं. हे सगळं मिळून काम काही फार महागाचं नाही. मग २०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय बुडवून चालू करा. कोरडं कधीही चालवू नका, "फक्त दोन सेकंद" असं म्हणूनही नाही. बाजूनं पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडली पाहिजे. ती धार बघूनच अर्धं गिऱ्हाईक शांत होतं.

पुढचं, खालच्या गिअरचं ऑइल. खालचा स्क्रू सैल करून थोडं वाटीत घ्या. काळपट असेल तर जुनं आहे, बदला. दुधाळ, ताकासारखं असेल तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. ते आधी नीट करा, कारण हे लपवलं तर महिन्याभरात गिअर जाऊन नाव तुमच्याच दारात परत येईल. धातूचे चमचमते कण दिसले तर गिअर आधीच झिजलेत, मग इंजिनाची किंमत सुट्या भागांपुरतीच धरा.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. मोटारसायकलवाल्या मेकॅनिककडेही गेज असतं. इंजिन गरम असताना दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, एकेका सिलिंडरला गेज लावून दोरी ओढायची. आकडा किती आला यापेक्षा दोन्हींत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन निरोगी. एक सिलिंडर १२० आणि दुसरा ९० दाखवत असेल तर रिंगा नाहीतर पिस्टनचं काम आहे. वडिलांनी कधी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून चालवलं का, हेही त्यांना निवांतपणे विचारा. त्यानं कार्बन धरतो. रागावू नका, एके काळी सगळेच करायचे.

बाकी सामानाचं पटकन. ट्रॉली असेल तर तिचे पैसे मिळतात, कारण ट्रॉलीशिवाय नाव हलवायची म्हणजे आठ माणसं आणि एक पिकअप. नांगर, दोर, वल्ही यांचे फुटकळ. जुन्या लाईफ जॅकेटचे शून्य. फेस दबलेला असतो, ती विकूच नका, नाहीतर कोणीतरी त्यांच्यावर विसंबेल. जाळी वेगळी विका, नावेत धरू नका.

आता तुमचे आकडे मांडतो. नाव न बघता मांडतोय, म्हणून फळी थोडी गेलेली आहे असं धरून चालतो.

नव्या ढाच्याचं कोटेशन १,५०,०००. आठ वर्षांची, नीट ठेवलेली फायबर नाव मी नव्याच्या अर्ध्या किमतीला धरतो: ७५,०००. फायबर पहिल्या तीन-चार वर्षांत भराभर उतरतं आणि मग बराच काळ तिथेच टेकून राहतं. म्हणजे तुमची नाव दहा वर्षांची असती तरी मी आकडा फारसा हलवला नसता. नवं इंजिन १,७०,०००. गोड्या पाण्यातलं, कॉम्प्रेशन चांगलं असं धरून चाळीस टक्के: ६८,०००. ट्रॉली आणि बारीकसारीक १७,०००. झाले १,६०,०००.

यातून गिऱ्हाइकाचा खर्च वजा. मागची फळी नवी करणं १८,०००, तळाचे दोन-तीन ठिगळ आणि घासाई १२,०००, इंजिनाची सर्व्हिस ७,०००. एकूण ३७,०००. उरले १,२३,०००. फळी धड निघाली तर १,४१,०००. कॉम्प्रेशनमध्ये एक सिलिंडर कच्चा निघाला तर इंजिनाचे चाळीस टक्के सरळ पंचवीसवर आणा, म्हणजे २५ हजारांच्या आसपास आणखी कमी होतात. दुरुस्तीचे दर तुमच्या गावचे घाला, माझे नको.

म्हणजे नाव जशी आहे तशी रास्त किंमत सव्वा लाखाच्या अलीकडे-पलीकडे. सांगताना १,४०,००० सांगा. १,१५,००० च्या खाली उतरू नका. दीड लाख सांगितले तर लोक फोनच करत नाहीत. जास्त सांगून खाली येऊ, असं म्हणणाऱ्यांची नाव पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असते, आणि मग लोक म्हणतात, एवढे दिवस गेली नाही, नक्की काहीतरी खोट असणार.

मग व्यापारी ८५ का म्हणतो? तो लुटतोय असं वाटेल, पण त्याच्या बाजूनं बघा. ८५ ला घेतली, ३० हजार घातले, टेम्पोचे चार-पाच, हंगाम येईपर्यंत पैसे अडकले, आणि दीडच्या आत-बाहेर विकली. पंचवीस-तीस हजार सुटतात, त्यात एखादी नाव माझ्या त्या निळीसारखी निघते. त्याचा भाव हा तुमचा तळ समजा: आजच्या आज, जशी आहे तशी, एकही प्रश्न न विचारता, रोख. दोन-तीन महिने थांबायची आणि चार माणसांना दाखवायची तयारी असेल तर वरचे तीस हजार तुमचे. नाशिकहून दर रविवारी यावं लागणार असेल तर प्रवासखर्चही धरा. कधीकधी व्यापाऱ्याला ९५ वर आणून मोकळं होणंही शहाणपणाचं असतं, यात कमीपणा नाही.

फळी आणि तळ आधी करून घेऊन मग विकू का, असं पुढे विचाराल. इंजिनाची सर्व्हिस नक्की करा, खर्च थोडा आणि चालू इंजिनाला पुढचा माणूस चार पैसे जास्त देतो. फळीचं काम करायचं असेल तर स्वस्तातलं नको. जुनं लाकूड काढताना, नवं बसवताना, मॅट टाकताना मोबाईलवर फोटो काढा आणि कुजलेल्या लाकडाचा एक तुकडा पिशवीत ठेवा. नाहीतर गिऱ्हाइकाला नवी फळी म्हणजे काहीतरी लपवलंय असंच वाटतं. तेवढा वेळ नसेल तर न करता, दोष सांगून, वजा करून विका.

कधी विकायची, याचा आपल्याकडे फार फरक पडतो, कारण इथे पाणीच जागा बदलतं. उकाई धरण १९७२ चं, जलाशय भरला की पाणीपातळी ३४५ फुटांपर्यंत जाते आणि फुगवटा तुमच्या गावापर्यंत येतो. शेपटीकडच्या गावांचं पाणी मात्र उन्हाळ्यात सगळ्यात आधी हटतं. होळीच्या सुमारास काठ इतका लांब गेलेला असतो की नाव चिखलात तिरपी पडलेली दिसते. अशी नाव बघायला आलेला माणूस मनात आधीच दहा हजार कापतो, कारण चाचणी घ्यायलाच पाणी नाही. वर होळीला पैशांची नड असते, सातपुड्याच्या पट्ट्यात ती दिवाळीपेक्षा मोठी, त्यामुळे त्याच दिवसांत विकणारेही जास्त. खरेदी करायची असेल तर मी होळीच्या तोंडावर करतो. विकायची असेल तर गणपती उठले की तयारीला लागायचं आणि दिवाळीच्या आत सौदा करायचा. पाणी काठोकाठ असतं, हंगाम पुढे असतो, कापसाचे-मक्याचे पैसे हातात यायला लागलेले असतात.

गिऱ्हाईक कोण, यावरही भाव बदलतो. मासेमारी संस्थेचा सभासद सगळ्यात कसून बघेल आणि कमी देईल, पण सौदा मोडणार नाही. पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्यांना खाद्याची पोती न्यायला रुंद, संथ नाव लागते, तुमची बसेल. तापीच्या काठचा केळीवाला नदीतल्या पाणी उपसायच्या मोटारीपर्यंत जायला नाव शोधतो, त्याला इंजिन छोटं चालतं, ढाचाच हवा असतो. अशा वेळी इंजिन वेगळं विकलं तर दोन्ही मिळून कधी दहा हजार जास्त येतात. कधी नुसता ढाचा वर्षभर गळ्यात राहतो. म्हणून आधी इंजिन विकू नका. ढाच्याचं गिऱ्हाईक बयाणा देऊन गेल्यावरच इंजिन सोडा.

एका गिऱ्हाइकाला मात्र सरळ नाही म्हणा. नर्मदेकडचा, धडगाव-अक्कलकुव्याच्या गावांतला कोणी प्रवासी वाहतुकीसाठी मागायला येईल आणि भावही चांगला देईल. तिकडे सरदार सरोवराच्या पाण्यानं रस्ते गिळले, नावेशिवाय लोकांचं चालत नाही, त्यांची गरज खरी आहे. पण मासेमारीसाठी बांधलेली १८ फुटी नाव म्हणजे पाच-सहा माणसं. तिकडे बाजाराच्या दिवशी किती चढतील हे तुमच्या हातात राहत नाही. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी नर्मदेत गच्च भरलेली नाव उलटून आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली, ते आठवा.

तुमची फायबर आहे, पण हे वाचणाऱ्या कोणाकडे लोखंडी असेल तर त्याचा हिशेब खालून वर करायचा. ३ मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं; क्षेत्रफळ काढा, त्या दिवशीचा भंगाराचा भाव लावा, तो तुमचा तळ. पत्रा गंजून दोन मिलिमीटरवर आला असेल तर नाव आता भंगारच आहे, वरचा रंग कितीही नवा असला तरी. सागवानीचं उलटं: तिला भंगाराचा भाव नाही, आणि फटींत कापूस-काथ्या ठासणारे जुने हातही आता काठावर फार उरले नाहीत. ती मी फक्त ज्याला स्वतःला दुरुस्ती येते अशा माणसालाच विकतो.

कागदाचं. यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये आहे. तुमच्या नावेचे कागद असतील तर मालक बदलल्याची नोंद करून द्या. नसतील तर तसं स्पष्ट सांगा, आणि त्यापोटी थोडी किंमत सोडावी लागेल हे धरून चाला. इंजिनाचं मूळ बिल शोधा, पत्र्याच्या पेटीत असतं, घरपट्टीच्या पावत्यांखाली. बिलावरचा नंबर इंजिनावरच्या नंबरशी जुळला की चोरीच्या मालाची शंका संपते. बिलाशिवायच्या इंजिनाला मी स्वतः हात लावत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर विक्रीचा कागद करा. त्यात इंजिनाचा नंबर, नाव दिल्याची तारीख आणि वेळ, "जशी आहे तशी" हे शब्द आणि तुम्हाला माहीत असलेले दोष एकेक करून लिहा. आणखी एक: वडिलांची संस्थेतली मासेमारीची परवानगी नावेबरोबर जात नाही. ठेका पाण्याचा असतो, नावेचा नाही. गिऱ्हाइकाला तसं वाटत असेल तर सौद्याआधीच गैरसमज काढा.

चाचणीचा नियम मी असा ठेवतो: आधी भाव मोघम जुळू द्या, मग पाण्यात. पेट्रोल गिऱ्हाइकाचं. त्यानं पेट्रोलचे पैसे काढायला कुरकुर केली तर तो फिरायला आलाय. नावेत तुमच्या बाजूचा एक माणूस असलाच पाहिजे, आणि वडील येऊ शकत असतील तर वल्हं त्यांच्याच हातात द्या. माझ्याकडे एक भोई आजोबा नाव विकायला आले होते, इंजिन ऐनवेळी सुरू होईना. ते काही बोलले नाहीत, वल्हं उचललं आणि नाव एका रेषेत पलीकडे नेऊन आणली. घेणारा पोरगा म्हणाला, "बाबा, नाव सरळ शे (आहे)," आणि इंजिनाचे पाच हजार कापून तिथेच बयाणा दिला.

फळीचा स्क्रू काढल्यावर पाणी कसं निघतं आणि दोन्ही सिलिंडरचे आकडे काय येतात, एवढं कळवा. त्यावर सव्वा लाखाचा आकडा पाच हजार इकडे की तिकडे हे सांगता येईल. गेज मिळालं नाही तर माझं घेऊन जा, सोमवारी मात्र येऊ नका, केदारेश्वराला गर्दी असते आणि मी घाटावर असतो.